ग्लेनईगल्स: रेल्वेने वसवलेलं गोल्फ हॉटेल (इतिहास, सोयी, अनुभव)

रूळ_आणि_रस्ते

स्कॉटलंड ट्रिपच्या धाग्यांवर ग्लेनईगल्सचं नाव निघालं की दोनच उत्तरं येतात, एक म्हणजे 'फार महाग आहे' आणि दुसरं 'आम्ही कुठे गोल्फ खेळतो'. दोन्ही बरोबरच आहेत, पण त्या नादात या जागेची खरी गंमत सांगायची राहूनच जाते, म्हणून हा वेगळा धागा काढतोय. माझं म्हणणं एवढंच आहे की हे हॉटेल समजून घ्यायचं असेल तर गोल्फपासून नाही, आगगाडीपासून सुरुवात करायला हवी.

जागा पर्थशरमध्ये, ऑक्टरआर्डर नावाच्या छोट्या गावाजवळ. १९१० च्या सुमारास कॅलेडोनियन रेल्वेचे जनरल मॅनेजर डोनाल्ड मॅथेसन सुट्टीसाठी स्ट्रॅथअर्नच्या खोऱ्यात आले आणि ती मोकळी माळरानं, एका बाजूला ऑखिल टेकड्या, दुसरीकडे लांबवर हायलँड्सचे डोंगर, हे सगळं बघून त्यांनी ठरवलं की इथे एक राजवाड्यासारखं हॉटेल आणि गोल्फची मैदानं उभी करायची. यामागे हिशेब सरळ होता. त्या काळी स्कॉटलंडमधल्या रेल्वे कंपन्यांमध्ये जबरदस्त चुरस होती, नुसती रूळ टाकून गाडी भरत नाही, प्रवाशाला उतरायला कारण लागतं. ग्रेट नॉर्थ ऑफ स्कॉटलंड रेल्वेने १८९९ मध्येच क्रुडन बेला गोल्फ हॉटेल काढलं होतं आणि ग्लासगो अँड साउथ वेस्टर्नने १९०६ मध्ये टर्नबेरीला. मग कॅलेडोनियन कशी मागे राहील?

आता क्रम बघा. आधी स्टेशनचं नाव बदललं, १९१२ मध्ये 'क्रीफ जंक्शन'चं 'ग्लेनईगल्स' झालं, तेव्हा हॉटेल फक्त कागदावर होतं. मग बांधकाम सुरू झालं आणि १९१४ ला महायुद्धाने ते थांबवलं. युद्ध संपल्यावर १९१९ मध्ये किंग्ज आणि क्वीन्स ही दोन मैदानं खेळायला खुली झाली, हॉटेल तेव्हाही अर्धवटच. आणि ५ जून १९२४ ला जेव्हा हॉटेलचं दार उघडलं तोवर कॅलेडोनियन रेल्वे ही कंपनीच उरली नव्हती! १९२३ मध्ये ब्रिटनमधल्या रेल्वे कंपन्यांचं एकत्रीकरण झालं आणि ती लंडन मिडलंड अँड स्कॉटिश म्हणजे एलएमएसमध्ये विलीन झाली. ज्यांनी स्वप्न बघितलं त्यांच्या नावाने उद्घाटन झालंच नाही, मला ही गोष्ट कायम चटका लावून जाते. उद्घाटनाच्या रात्री हेन्री हॉलचा बँड वाजला आणि तो बीबीसीने थेट रेडिओवर ऐकवला.

पुढचं जाणकारांनी लिहावं. गोल्फमधलं मला फारसं कळत नाही, आगगाड्यांमधलं विचाराल ते सांगेन.

नववा_होल

मस्त धागा! गोल्फची बाजू मी घेतो.

ही दोन्ही मैदानं जेम्स ब्रेडची. ब्रेड म्हणजे स्कॉटलंडमधल्या फाइफचा माणूस, ओपन चॅम्पियनशिप ही गोल्फची मोठी स्पर्धा पाच वेळा जिंकलेला, १९०१, १९०५, १९०६, १९०८ आणि १९१०. म्हणजे बघा, मॅथेसनना कल्पना सुचली त्याच सुमाराला ब्रेड पाचव्यांदा जिंकला होता, त्या वेळचं सगळ्यात मोठं नाव. त्याला प्रवास सोसायचा नाही, बोट तर अजिबातच नाही, म्हणून त्याची बहुतेक सगळी कामं ब्रिटनमध्येच आहेत आणि त्यातलं किंग्ज हे सगळ्यात उत्तम असं माझं मत.

लोकांना वाटतं गोल्फचं मैदान म्हणजे माती ओतून, सपाट करून बनवलेली हिरवळ. किंग्जला गेलात की हा समज जातो. तिथल्या जमिनीत हिमनद्यांनी मागे टाकलेल्या वाळू-खडीच्या लांबच लांब वरंब्यासारख्या टेकड्या आहेत, ब्रेडने त्यांना हात न लावता मधल्या खोलगट पट्ट्यांतून फेअरवे, म्हणजे चेंडू मारत जायचे गवताचे पट्टे, नेले. त्यामुळे होतं काय, की एका होलवर (मैदानाच्या अठरा टप्प्यांपैकी एकावर) असताना शेजारचा होल दिसतच नाही, आवाजसुद्धा येत नाही, तुम्ही, तुमचा जोडीदार आणि किट उचलणारा कॅडी एवढेच त्या घळीत. आणि खाली वाळू-खडी असल्याने पाणी पटकन मुरतं, समुद्र इतका लांब असूनही पायाखालचं गवत किनाऱ्यावरच्या वाळूतल्या मैदानांसारखं (लिंक्स म्हणतात त्यांना) आखूड आणि उसळतं.

पाचवा होल 'हेट गर्डल' नावाचा आहे, पार तीनचा, म्हणजे तीन फटक्यांत संपवायचा. टी वर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभं राहिलात की समोर ग्रीन, म्हणजे खड्ड्याभोवतीची हिरवळ, उंच चौथऱ्यावर ठेवल्यासारखं दिसतं, चारही बाजूंनी उतार आणि खाली खोल बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे. चेंडू ग्रीनवर पडला असं वाटतं, एक क्षण थांबतो आणि मग हळूहळू कडेकडे सरकत खाली जातो. तिथे लांब मारणारा आणि आखूड मारणारा दोघंही सारखेच, नेम हवा. शंभर वर्षांनंतर, इतक्या आधुनिक क्लब आणि चेंडूंनंतरही तो होल सोपा झालेला नाही यातच ब्रेडचं मोठेपण आहे.

अजून एक, रायडर कपची, म्हणजे युरोप-अमेरिका गोल्फ संघांच्या स्पर्धेची, मुळंसुद्धा इथेच जातात. जून १९२१ मध्ये किंग्जवर ब्रिटन विरुद्ध अमेरिका असा व्यावसायिक खेळाडूंचा सामना झाला, अमेरिकेकडून वॉल्टर हेगन होता, ब्रिटनने ९-३ असा जिंकला. अधिकृत रायडर कप १९२७ पासून सुरू झाला पण कल्पनेची पहिली चाचणी हीच.

रूळ_आणि_रस्ते

@नववा_होल, १९२१ च्या सामन्याची तुम्ही महत्त्वाची गोष्ट सोडलीत! हॉटेल तयार नव्हतं ना, मग अमेरिकन टीम राहिली कुठे? रेल्वेच्या डब्यांत! स्टेशनच्या सायडिंगला, म्हणजे बाजूच्या रुळांवर, डबे लावून त्यांची सोय केली होती. म्हणून म्हणतो, आगगाडीपासून सुरुवात करा.

भटकी_स्वाती

वाचनखूण साठवली. माहिती छान आहे पण माझा प्रश्न अगदी साधा आहे. नवरा गोल्फ खेळतो, मी नाही, मुलगी नऊ वर्षांची आहे. तो सकाळी किट घेऊन गेला की चार-पाच तास गायब असतो. तेवढ्यात आम्ही दोघींनी काय करायचं, खोलीत बसून डोंगर बघायचे का? इतके पैसे मोजून 'गोल्फवाल्याचं कुटुंब' म्हणून राहायचं असेल तर त्यापेक्षा आम्ही एडिंबराला थांबू.

शेकोटी

@भटकी_स्वाती ताई, आमच्याही घरी एकच गोल्फवाला आहे त्यामुळे तुमचा प्रश्न नीट कळला. उलट सांगते, तिथे गोल्फ न खेळणाऱ्यांचाच दिवस जास्त भरलेला असतो. इस्टेट साधारण ८५० एकरांची आहे आणि त्यात घोडेस्वारी, शूटिंग, बहिरी ससाण्यांसारखे शिकारी पक्षी, शिकारी कुत्र्यांचं प्रशिक्षण, मासेमारी, टेनिस, ऑफ-रोड ड्रायव्हिंग असं सगळं आहे. लहान मुलांसाठी छोट्या लँड रोव्हर आहेत, खरोखर चिखलातून आणि चढउतारावरून चालवायच्या, शेजारी शिकवणारा असतो. नऊ वर्षांच्या मुलीला त्यातून उतरवणं अवघड जाईल. अगदी लहानग्यांसाठी पाळणाघरवजा सोय वेगळी आहे.

माझ्या मनात बसलाय तो पक्ष्यांचा तास. हातात जाड चामड्याचा हातमोजा घालायला देतात, त्यावर मांसाचा छोटा तुकडा ठेवतात आणि हात लांब धरायला सांगतात. हॅरिस हॉक दूर झाडावर बसलेला असतो, तो सुटतो तेव्हा अगदी जमिनीलगत येतो, इतका खाली की वाटतं हा आपल्याकडे येतच नाहीये, आणि शेवटच्या क्षणी वर उसळून हातावर बसतो. वजन फार नसतं पण पंजाची पकड मोज्यातूनही कळते. माझी लेक जी एरवी कबुतराला घाबरते ती श्वास रोखून उभी होती. हे पक्ष्यांचं स्कूल तिथे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून आहे.

कुत्र्यांचंही तसंच, लॅब्राडोर असतात, शिट्टी आणि हाताच्या खुणांवर डमी शोधून आणतात, मुलांना स्वतः शिट्टी वाजवायला मिळते. बाकी स्पा, पोहण्याचे तलाव वगैरे आहेच, ते कुठल्याही मोठ्या हॉटेलात असतं म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

मात्र एक लक्षात ठेवा, या सगळ्याचे पैसे बहुतेक वेगळे पडतात आणि आधी बुक करावं लागतं. खोलीचं भाडंच रात्रीला शेकडो पौंड आहे, त्यावर रोज दोन-दोन गोष्टी केल्या की बिल कुठच्या कुठे जातं. आधी कागदावर मांडून घ्या काय काय करायचंय ते.

भटकी_स्वाती

शेकोटी, फार फार आभार. लेकीला ससाण्याचं वाचून दाखवलं, आता माझं काही चालणार नाही घरात.

जुनी_वही

मला इथल्या दुसऱ्या महायुद्धाच्या काळाबद्दल लिहायचंय कारण हॉटेलच्या चकचकीत फोटोंमध्ये तो कुठेच दिसत नाही. १९३९ मध्ये हॉटेल बंद होऊन तिथे लष्करी इस्पितळ झालं. आणि नंतर जे झालं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं, ते खाणकामगारांचं पुनर्वसन केंद्र झालं. युद्धात कोळसा म्हणजे जीव की प्राण होता, खाणीत हात-पाय मोडलेले, पाठीला मार लागलेले कामगार इथे व्यायाम आणि उपचार घेऊन परत उभे राहायचे. जिथे उमराव आणि गिरणीमालक नाचायचे त्याच दालनांमध्ये स्कॉटिश खाणकामगार चालायला शिकत होते. हॉटेल म्हणून ते पुन्हा उघडलं १९४७ मध्ये, आणि लगेच १९४८ ला रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झाल्यावर सरकारी मालकीचं झालं. पुढे बरीच वर्षं ते ब्रिटिश ट्रान्सपोर्ट हॉटेल्सकडे होतं. म्हणजे तीन दशकांहून जास्त काळ हे आलिशान हॉटेल चक्क जनतेच्या मालकीचं होतं!

आणि तेव्हा ते बारमाही नव्हतं बरं का, साधारण ईस्टर ते ऑक्टोबर एवढंच चालायचं. हिवाळ्यात बंद. १९८१ मध्ये सरकारने ते विकलं आणि १९८२ पासून वर्षभर उघडं राहायला लागलं. शेकोटी यांनी लिहिलेल्या बऱ्याच गोष्टी, घोडेस्वारी, शूटिंग वगैरे, त्याच दशकातल्या आणि त्यानंतरच्या आहेत. कारण सरळ आहे, नोव्हेंबर-डिसेंबरात दुपारी चारला अंधार पडतो तिथे, नुसत्या गोल्फवर हिवाळा कसा काढणार?

त्यानंतर मालक बदलत गेले, १९८४ ला बेल्स व्हिस्कीवाले, १९८५ मध्ये बेल्सच गिनेस या बिअर कंपनीने घेतली, १९९७ ला गिनेसचं डियाजिओ झालं, आणि २०१५ मध्ये डियाजिओने ते एनिसमोर या हॉटेल कंपनीला विकलं. एनिसमोरचे संस्थापक शरण पसरिचा हे भारतात जन्मलेले. रेल्वे, मग सरकार, मग व्हिस्की, मग एक भारतीय उद्योजक.

कव्हर_ड्राइव्ह

गोल्फमधलं ओ की ठो कळत नाही पण ग्लेनईगल्स हे नाव क्रिकेटमुळे पाठ आहे, कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. १९७७ च्या जूनमध्ये कॉमनवेल्थच्या राष्ट्रप्रमुखांची परिषद लंडनला होती, मधल्या शनिवार-रविवारी सगळे ग्लेनईगल्सला गेले आणि तिथे वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी क्रीडासंबंध ठेवायचे नाहीत असं एकमताने ठरलं. तोच ग्लेनईगल्स करार. पुढे ऐंशीच्या दशकात बहिष्कार झुगारून दक्षिण आफ्रिकेचे बंडखोर दौरे झाले, खेळाडूंवर बंदी आली, त्या प्रत्येक वादात या कराराचं नाव यायचं. शेवटी १९९१ च्या नोव्हेंबरमध्ये दक्षिण आफ्रिका कोलकात्याला पहिला एकदिवसीय सामना खेळली तेव्हा तो बहिष्कार संपला. एका हॉटेलच्या नावाने ओळखला जाणारा करार आणि त्याने एका अख्ख्या पिढीच्या क्रिकेटपटूंचं आयुष्य बदललं.

जुनी_वही

@कव्हर_ड्राइव्ह अगदी. आणि २००५ ची जी-८ (आठ बड्या देशांची) परिषदही इथेच झाली, ६ ते ८ जुलै. मनमोहन सिंगही निमंत्रित म्हणून तिथे होते. ७ तारखेला सकाळी लंडनमध्ये बॉम्बस्फोट झाले, ब्रिटनचे पंतप्रधान ब्लेअर परिषद सोडून लंडनला गेले आणि परत आले. आफ्रिकेची मदत वाढवणं आणि गरीब देशांची कर्जमाफी हे त्या परिषदेचे मुख्य निर्णय, पण स्फोटांच्या बातम्यांमध्ये ते झाकले गेले.

कोथिंबीर

खाण्याबद्दल मी लिहू का? तिथे एक रेस्टॉरंट आहे, रेस्टॉरंट अँड्र्यू फेअरली, हॉटेलच्या आतच पण धंदा स्वतंत्र. २००१ ला सुरू झालं आणि २००६ पासून दोन मिशलिन स्टार टिकवून आहे. अँड्र्यू फेअरली हे पर्थचेच, १९८४ मध्ये तरुण शेफना मिळणारी पहिलीवहिली रू स्कॉलरशिप मिळवणारा शेफ. जानेवारी २०१९ मध्ये ते गेले, फार लवकर गेले, पण त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं काम केलेल्या स्टीव्हन मॅकलॉक्लिन यांनी किचन तसंच पुढे चालवलं.

तिथली ओळख म्हणजे स्मोक्ड लॉबस्टर. लॉबस्टरची कवचं व्हिस्कीच्या जुन्या पिंपांच्या लाकडावर कित्येक तास धुरी देऊन ठेवतात, मग मांस परत त्या कवचात घालून वरून लिंबू आणि हर्ब्जचं लोणी. म्हणजे धूर मांसाला थेट लागत नाही, कवचातून उतरतो. ही युक्ती मला इतकी आवडली, कारण लॉबस्टरचं मांस नाजूक, थेट धुरी दिली तर चवच मरते. दालनाला खिडक्या नाहीत, भिंती काळ्या, त्यावर चित्रं, सगळं लक्ष ताटलीवर.

फक्त रात्रीचं जेवण असतं आणि ते रोजच्या जेवणाच्या हिशेबात बसणारं नाही. रोजच्यासाठी बर्नम ब्रासरी आहे, आणि जुन्या थाटाचं बघायचं असेल तर स्ट्रॅथअर्न, तिथे अजून ट्रॉली टेबलाशी आणून समोर पदार्थ पेटवून देतात.

नववा_होल

जेवणावरून परत मैदानावर येतो. तिसरं मैदान राहिलं होतं, जॅक निकलॉसने केलेलं, १९९३ मध्ये उघडलं, आता त्याला पीजीए सेंटेनरी म्हणतात. २०१४ चा रायडर कप यावर झाला, युरोप १६½-११½ ने जिंकला, पंधराव्या होलवर जेमी डोनाल्डसनने वेजने (छोट्या पल्ल्याच्या क्लबने) चेंडू खड्ड्याला जवळजवळ चिकटवला आणि तिथेच निकाल लागला. २०१९ ला सोलहाइम कपही, म्हणजे बायकांचा रायडर कप, यावरच, शेवटच्या ग्रीनवर सूझन पेटरसनने चेंडू खड्ड्यात टाकला आणि युरोप १४½-१३½ ने जिंकला, आणि तिने तिथल्या तिथे निवृत्ती जाहीर केली. बघताना अंगावर काटा आला होता.

पण मला विचाराल तर खेळायला किंग्जच.

हिरवा_ब्लेझर

@नववा_होल इथे मतभेद नोंदवतो. सेंटेनरीला सगळे नावं ठेवतात की हे अमेरिकन पद्धतीचं आहे, लांब आहे, चालून जीव जातो. पण मोठी स्पर्धा भरवायची तर हजारो प्रेक्षक उभे राहायला जागा लागते. किंग्जच्या त्या घळींमध्ये तुम्ही म्हणता तसा शेजारचा होलही दिसत नाही, मग प्रेक्षक काय बघणार? निकलॉसने ऑखिल टेकड्यांकडे तोंड करून मोकळ्या जागेत मैदान काढलं ते त्यासाठीच योग्य होतं. शिवाय सरासरी खेळणाऱ्याला तिथे पुढच्या टी वरून खेळता येतं, आंधळे शॉट कमी आहेत, समोर काय आहे ते दिसतं. किंग्जच्या तिसऱ्या होलला तर दुसरा फटका सरळ टेकडीवरून पलीकडे, ग्रीन दिसतच नाही.

नववा_होल

स्पर्धेबाबत मान्य. आंधळ्या शॉटबाबत नाही. टेकडी चढून वर गेल्यावर आपला चेंडू कुठे पडलाय ते दिसतं, तो क्षण मला कुठल्याही सपाट मैदानावर मिळत नाही. आणि ज्यांना लांब मैदान झेपत नाही किंवा नुकतंच शिकताय त्यांनी क्वीन्स घ्यावं, आखूड आहे, पार ६८ आहे, झाडी जास्त आणि फार देखणं. क्वीन्सला उगाच धाकटं समजतात.

पाऊलवाट

मी हॉटेलात राहिलेलो नाही, राहणारही नाही बहुतेक, पण त्या भागात भरपूर चाललोय. एक गोष्ट इथल्या वाचकांना माहीत असावी म्हणून लिहितो. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने सगळ्यांना जबाबदारीने बहुतेक मोकळ्या जमिनीवरून चालायचा हक्क दिलाय आणि त्यात गोल्फची मैदानंही येतात. म्हणजे तुम्ही पाहुणे नसलात तरी मैदान पायी ओलांडू शकता. अटी आहेत, ग्रीनवर पाय ठेवायचा नाही, बंकरमध्ये शिरायचं नाही, कोणी फटका मारत असेल तर थांबायचं, कुत्रा असेल तर आखूड पट्ट्यावर. हॉटेलच्या इमारती आणि लगतची बाग अर्थातच त्यात येत नाहीत. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण इतकी महागडी जागा असूनही डोंगराकडे जाणारी वाट कोणी अडवू शकत नाही.

रूळ_आणि_रस्ते

@पाऊलवाट, ही माहिती इथे आली ते फार बरं झालं.

शेवटी स्वातीताईंनी खाजगी निरोपात विचारलं की जायचं कसं, ते सगळ्यांसाठी इथेच लिहितो. एडिंबरा विमानतळावरून गाडीने साधारण तासभर, बहुतेक लोक तसंच जातात. पण लंडनहून येणार असाल तर माझं ऐका आणि रात्री तिथल्या यूस्टन स्टेशनहून कॅलेडोनियन स्लीपर ही झोपायच्या डब्यांची गाडी घ्या. इन्व्हर्नेसला जाणारे डबे ग्लेनईगल्सला थांबतात, सकाळी उतरता. शनिवारी रात्री ती नसते एवढं बघा. दिवसा यायचं तर लंडनच्याच किंग्ज क्रॉस स्टेशनहून इन्व्हर्नेसला जाणारी थेट गाडीही इथे थांबते. स्टेशन १९१९ मध्ये नव्याने बांधलेलं आहे, २०१४ च्या रायडर कपच्या वेळी लिफ्ट बसवल्या त्यामुळे आता सामान, बाबागाडी, गोल्फचं किट घेऊन पूल चढायचा त्रास नाही. स्टेशनवर टॅक्सी उभी असेल असं धरून चालू नका, छोटं स्टेशन आहे, हॉटेलला आधी गाडीची वेळ कळवा, त्यांची गाडी घ्यायला येते.

आणि स्लीपर बुक करताना डबा इन्व्हर्नेसचाच आहे ना हे तपासा, कारण तीच गाडी वाटेत तुटते आणि बाकीचे डबे फोर्ट विल्यम आणि अॅबर्डीनला जातात.

भटकी_स्वाती

रूळ_आणि_रस्ते, स्लीपरचं नवऱ्याला सांगितलं, तो लगेच तयार. मे मध्ये जातोय. तो किंग्ज खेळेल, आम्ही दोघी ससाणे आणि लँड रोव्हर, आणि एक दुपार पाऊलवाट यांनी सांगितलं तसं नुसतं चालायला. ऑखिल टेकड्यांवर नऊ वर्षांच्या मुलीला झेपेल अशी एखादी वाट माहीत असेल तर सांगा.

पाऊलवाट

ताई, मुलीच्या वेगाने तीन तास हाताशी ठेवा आणि ग्लेन ईगल्सच्या दरीतूनच चढा, हॉटेलला जिचं नाव दिलंय ती दरी, ए-९ महामार्गाच्या पलीकडे दक्षिणेला आहे. सुरुवातीला वाट रुंद आणि सोपी आहे, जिथे दमाल तिथून परत फिरा. मे मध्ये मेंढ्यांची पिल्लं असतात त्यामुळे फाटकं उघडलीत तशी बंद करत जा, आणि वर वारा असतो, विंडचीटर न्याच.